बर्थाच्या बापाचे चार आणे

चकाल्याच्या गावठाणात कॉस्मस मिस्किटाला लोक मागे ‘डॅमेज’ म्हणत. समोर ‘कॉस्मस अंकल’ म्हणत, पण समोर येण्याआधी हसून घेत. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर ठसे बसवायचा आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ओट्यावर भिंग घेऊन बसायचा. टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी जमवण्याचा त्याला नाद होता. सरकारच्या हातून चूक झाली तर तिला मोल येतं, आपल्या हातून झाली तर मोडतोड होते, हा व्यवहार त्याने निमूट मान्य केला होता.

लोक वेडीवाकडी नाणी घेऊन येत. कुणी रुळावर ठेवून चपटं केलेलं, कुणी कानशीने घासलेलं. कॉस्मस भिंग लावी, नाणं उलटं करी आणि म्हणे, “डॅमेज.”

“अरे मेल्या, तुका सगळाच डॅमेज दिसता,” शेजारचा धोंडू एकदा वैतागला. गिरणीतला माणूस, मूळचा मालवणचा. “ह्या बघ, सिंव्ह उलटो आसा, आत खोल गेलोहा!”

“दोन नाणी पकडीत घालून कुणीतरी दाबलीत. आत गेलेल्या सिंहाच्या खाली जुना छाप दिसतोय बघ. आणि दुसरी बाजू चेपलीय.” मग कॉस्मसने खरं कसं असतं ते सांगितलं. टांकसाळीत एखादं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती खाली येते, तिच्यावर त्या चिकटलेल्या नाण्याचाच छाप पडतो, उलटा आणि खोल, थेट कडेपर्यंत. खाली दुसरं काही नसतं. दुसरी बाजू नवरीसारखी स्वच्छ.

आत कांदा चिरत त्याची बायको बर्था ऐकत होती. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत होती.

तिचा बाप पास्कू टांकसाळीत मजूर होता. सुटताना रोज झडती व्हायची, तरी गावात बोललं जायचं की पास्कूने तिथून काहीतरी आणलंय. काय ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे बोलायला सोयीचं होतं. एकोणसत्तर साली पास्कू गेला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत जपमाळेखाली बर्थाला एक चार आण्याचं नाणं मिळालं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंह, पण उलटा आणि आत गेलेला. आकडा नाही, साल नाही.

तिने ते कॉस्मसपुढे ठेवलं. “सांग.”

कॉस्मसने भिंग लावलं. उभ्या जन्मात त्याने ज्याची वाट पाहिली ते नाणं समोर होतं, आणि ते सासऱ्याच्या पेटीतून निघालं होतं. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आजवर जो कुणी त्याच्यापुढे उभा राहिला तो नाणं खरं निघावं म्हणून देवाला हात जोडून आला होता. ही बाई डॅमेज निघावं म्हणून जोडत होती.

“डॅमेज,” कॉस्मस म्हणाला.

बर्थाने नाणं उचललं, खिडकीशी नेलं, उलटं केलं.

“मागची बाजू चेपलेली नाय, कॉस्मस.”

कॉस्मसने भिंग सदऱ्याला पुसायला घेतलं.

“खाली जुना छापपण नाय. छाप कडेपर्यंत गेलाय.” तिचा आवाज चढला नव्हता. “धोंडूला खरं सांगतोस. मला खोटं?”

“तुझ्या बापाचं नाव...”

“माझ्या बापाचं नाव तू पॉलिश करू नको. खरं काय ते बोल.”

“खरं आहे,” तो म्हणाला. मग घाईने, “पण झिजलंय बघ. सिंहाची आयाळ गुळगुळीत झालीय. खूप हात लागलेत.”

“म्हणजे बाहेर फिरून पपाकडे आलं असेल?”

इथे ‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण एकदा पकडला गेलेला कॉस्मस पुन्हा त्या वाटेला गेला नाही. “असेल. नायतर एकाच माणसाने खिशात ठेवून रोज अंगठा फिरवला असेल. झीज कुणाची ते नाणं सांगत नाय.”

बर्था बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. आपण नाण्यावरून अंगठा फिरवतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

रविवारी धोंडू ओट्यावर आला. “काय गो बर्थाबाय, बापाशीच्या पेटीत काय गावला म्हणतत?”

तिने नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि कॉस्मसकडे पाहिलं. “सांग ना त्याला.”

“खरं,” कॉस्मस म्हणाला.

हा शब्द त्या ओट्यावर पहिल्यांदाच उच्चारला गेला. धोंडूला आनंद करावा की कसं, कळेना. “म्हणजे पास्कून...”

“ते माहीत नाय,” बर्था म्हणाली. “मलापण नाय, ह्यालापण नाय. चूक टांकसाळीची, एवढं नक्की. गावात विचारलं तर एवढंच सांग, त्यात तुझं घालू नको. चहा घेतोस ना?”

धोंडूने नाणं दोन्ही हातांनी परत केलं. चहात साखर कमी होती. एरवी त्याने बोंब मारली असती.