सायकलची अक्कल कुणाची

लग्नाला अडतीस वर्षं झाली, आता नवरा नवीन काय ताप देणार, अशा समजुतीत मार्लिस होती. तेवढ्यात ऑर्विलने दोन सायकली आणल्या. जाड टायरच्या, वासरासारख्या जड, आणि मागे जोडायला दोन चाकांचा गाडा. म्हणे, आता शिकारीला सायकलवर जायचं.

मार्लिस अमेरिकेतल्या मोंटानात, एका डोंगरी खोऱ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. पहिलं एल्क, म्हणजे सांबराहून थोराड हरीण, तिने बाराव्या वर्षी पाडलं, आणि तेव्हापासून मारलेल्या जनावराचं चिमूटभर मांस कधी जंगलात सडू दिलं नव्हतं. घरातला हिवाळा त्या मांसावरच निघायचा. तिचा बाप लाकूडतोड्या. त्याने तिला नेम धरायला शिकवण्याआधी एक नियम शिकवला होता: चाप ओढण्याआधी मागे वळून बघ, आणि परतीची वाट आपल्यातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या पायांनी मोज.

पण ऑर्विलपुढे बापाची काय कथा? सगळा सप्टेंबर त्याने जेवणाच्या टेबलावर डोकं खाल्लं. जंगलातल्या जुन्या रस्त्यांना फाटकं लागलीत, गाड्यांना बंदी आहे, पण सायकल चालते. बाकीचे दोन मैल चालून दमतात आणि परत फिरतात. आपण चार मैल आत जाऊ. मार्लिस म्हणाली, मग चालतच जाऊ की, आजवर गेलो तसं. त्यावर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि त्याच्या ताटातले बटाटे गार व्हायचे.

मार्लिसच्या धाकट्या भावाकडे, लेलंडकडे, खेचरं होती. लांबवरचं मांस आणायला तो एका हाकेवर यायचा. मात्र एकदा आला की पुढच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत टोमणे ऐकवायचा, आणि तेही चारचौघांत. ऑर्विलने पंधरा वर्षांत त्याला बोलावलं नव्हतं.

शिकारीच्या मोसमाच्या दुसऱ्या शनिवारी दोघं निघाली. ऑक्टोबर संपत आलेला, आणि ऊन मात्र मे महिन्यातलं. फाटकापासून ओढ्यापर्यंत सगळा उतार. पुढे ऑर्विल, आणि त्याच्यामागे तो गाडा, भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा खडखडत चाललेला. मार्लिसच्या सायकलचे ब्रेक गळा काढून रडत होते. या गोंगाटात खोऱ्यात उंदीरही थांबणार नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि तोंडात माशी गेली.

तरी ओढ्याकाठी एक एल्कची मादी उभी होती. बहिरी असावी. मार्लिस उतरली, आडवी झाली, श्वास सोडला आणि एका गोळीत तिला पाडलं.

मग तिने मागे वळून बघितलं. रस्ता वर जात होता, आणि वरच जात होता. चार मैल तिच्या पायांना कळलेच नव्हते, कारण पाय नुसते पेडलवर बसून आले होते. बापाचा नियम तिने उलटा पाळला होता, आणि त्याबद्दल ऑर्विलला शिव्या घालायचीही सोय नव्हती.

कापून, शिकारीच्या परवान्याचं तिकीट लावून, मांस कापडी पिशव्यांत भरायला दोन तास गेले. पहिल्या खेपेत पुढच्या दोन तंगड्या आणि पाठीचं मांस. चढावर गाडा दर दहा पावलांना मागे ओढायचा आणि वळणावर हटकून लवंडायचा. ते मांस फाटकापाशी उभ्या केलेल्या पिकअपमध्ये टाकून पुन्हा खाली उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मागची एक तंगडी गाड्यात चढवली, दुसरी ओढ्याकाठच्या झाडाला उंच टांगली. त्या उन्हात ती उद्यापर्यंत टिकणार नव्हती, आणि अस्वलं काही उद्याची वाट बघत बसत नाहीत.

अर्ध्या वाटेत ऑर्विल थांबला. पाचव्यांदा. गाडा मागून ढकलणाऱ्या मार्लिसचा पारा चढला.

"पायी आलो असतो, तर मैलभरातच अक्कल आली असती आपल्याला," ती म्हणाली.

ऑर्विलने मागे बघितलं नाही. "पायी जमत असतं तर सायकल कशाला आणली असती, मार्लिस?"

तेव्हा कुठे तिने नीट बघितलं. तो सायकल ढकलत नव्हता, सायकलला धरून उभा होता. दोन्ही गुडघे गेलेत, असं डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं, हे त्याने आत्ता कबूल केलं. गेल्या वर्षी तो पिकअपपाशी कॉफी पीत बसून राहिला, तेव्हा तिने त्याला आळशी म्हटलं होतं, आणि शाळेतल्या बायकांना ते हसून सांगितलंही होतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि इतके महिने हे लपवल्याबद्दल त्याचा संतापही आला.

मग तिने त्याला सावलीत बसवलं, एकटी वर चढून फाटकापाशी गेली आणि लेलंडला फोन लावला.

लेलंड दोन खेचरं घेऊन आला. वाटेत गाडा, सायकल आणि मेहुणा असं सगळं एका ओळीत बसलेलं बघून त्याने टोपी काढली आणि मनसोक्त हसून घेतलं. मग ओढ्याकाठी टांगलेली तंगडी उतरवून आणली, ऑर्विलला एका खेचरावर बसवलं आणि दुसऱ्यावर दोन्ही तंगड्या लादल्या. दिवस मावळता मावळता सगळं मांस फाटकाबाहेर आलं. चिमूटभरही मागे राहिलं नाही.

"एवढं सांगा," लेलंड म्हणाला, "ही सायकलची अक्कल कुणाची?"

ऑर्विल बुटाची नाडी बांधायला वाकला.

"माझी," मार्लिस म्हणाली. "गुडघे गेलेत माझे. चालवत नाही आता. हस काय हसायचं ते."

लेलंड हसला नाही. आपल्यासमोरच ती पायी डोंगर चढून आली, हेही त्या बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने टोपी घातली आणि खेचरांचे पट्टे उगाच आवळत बसला.

पण गावभर सांगितलंच, आणि त्या थापेची फळं मार्लिस अजून भोगते आहे. शाळेत तिला बसायला स्टूल मिळालंय. चर्चमध्ये दर रविवारी कुणी ना कुणी गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली हातात कोंबतं आणि जिना चढताना कोपर धरतं, आणि मागून ऑर्विल साळसूदपणे सांगतो की तिला जरा जपावं लागतं. घरी आल्यावर तो मुकाट्याने पँट गुडघ्यांवर सरकवून बसतो, आणि ती पुटपुटत, चरफडत, त्या बाटल्या त्याच्या गुडघ्यांवर रिकाम्या करते.