व्हॉल्व्हची गुणगुण

काकूंना एका जागी स्वस्थ बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. लहानपणी आई त्यांना ‘चुळबुळ’ म्हणायची. लग्नानंतर नवरा म्हणू लागला, ‘हिच्या अंगात मुंग्या आहेत.’ तो बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. दिवसभर खुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि काकू त्याच्याभोवती घरभर फिरायच्या.

अशी बाई नाट्यगृहाच्या तळघरात एका दांडीसमोर उभी राहून नोकरी करते, याचं सगळ्यांना नवल वाटे. रंगमंचाच्या मधोमध तेलाच्या दाबावर चालणारी चौकोनी लिफ्ट होती. तिच्यावर उभं राहिलेलं पात्र जमिनीतून उगवल्यासारखं वर यायचं. आधी काकू कपडेपटात होत्या. जुना लिफ्टवाला गेला तेव्हा कुणीच पुढे येईना, म्हणून त्या खाली उतरल्या, त्या तिथल्याच झाल्या.

लिफ्टला तेल सोडणारा जुना व्हॉल्व्ह अडाणी होता. एकतर सताड उघडा, नाहीतर घट्ट बंद. बटण दाबलं की सगळं तेल एकदम सुटायचं आणि लिफ्ट उडी मारायची. मग नवा बसवला. त्याचं काम निराळं. दांडी जेवढी सरकवाल तेवढाच करंट कॉइलमध्ये जायचा, कॉइल आतल्या दट्ट्याला स्प्रिंगच्या विरुद्ध तेवढंच ढकलायची आणि तेवढंच तेल पुढे जायचं. बोटभर दांडी, बोटभर वेग. चालता व्हॉल्व्ह बारीक गुणगुणायचाही. हात ठेवला तर बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटायचं.

नव्या नाटकात आक्का होत्या. पंचाहत्तरीच्या नटी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जीभ मात्र धारदार. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आजारी मुलासाठी पाण्याचा पेला घेऊन त्यांनी लिफ्टमधून वर यायचं होतं.

तालमीत काकूंनी दांडी सरकवली. लिफ्ट हललीच नाही. आणखी थोडी सरकवली. तरी ढिम्म. आणखी सरकवल्याबरोबर लिफ्टने असा हिसका दिला, की आक्कांच्या हातचं पाणी पदरावर सांडलं आणि त्यांनी कठडा धरला.



वर गेल्यावर आक्का दिग्दर्शकाला म्हणाल्या, “मी जिन्याने येईन. माझं पडायचं वय राहिलं नाही.”

त्या दिवसापासून काकूंचा जीव टांगणीला लागला. रिकामी लिफ्ट त्या पुन्हा पुन्हा वर-खाली नेत. कधी नीट जायची, कधी अडून एकदम सुटायची. हेच जास्त वाईट होतं. रोज बिघडली असती तर निदान भरवसा तरी ठेवता आला असता. घरी आल्या की भाजी चिरताना सुरी ठेवून त्या हात हवेत धरायच्या आणि नसलेली दांडी सरकवून बघायच्या.

“अगं, बस जरा,” नवरा म्हणाला. “गिअर टाकतेयस का?”

“तुमच्या बसमध्ये माणसं बसलेली असायची. माझी उभी असतात.”

“मग बोलाव ना व्हॉल्व्हवाल्याला.”

“बोलावलाय. येईपर्यंत काय करू?”

“जेव.”

व्हॉल्व्हवाला आला तो गोल पोटाचा, घामाघूम आणि गप्पिष्ट. त्याने तेल तपासलं, ते स्वच्छ. फिल्टर बदलला. कॉइल चांगली. मग पंप चालू करून तो व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याचं बोलणं थांबलं.

“काकू, हा इतका गप्प कसा?”

काकूंनी हात लावला. व्हॉल्व्ह निपचित होता. बोटांना काहीच जाणवेना. आपल्याला इतके दिवस तळघरात चुकल्यासारखं का होतंय ते त्यांना आत्ता कळलं. गुणगुण थांबली होती, आणि त्या मात्र हिसक्याच्या मागे लागल्या होत्या.

“तो थरथरायलाच हवा,” व्हॉल्व्हवाला म्हणाला. “मुख्य करंटच्या वर आपण मुद्दाम थोडा कापरा करंट देतो, म्हणजे दट्ट्या सतत किंचित हलता राहतो. एका जागी बसू दिला की चिकटतो. मग थोड्या जोराने सुटत नाही, आणि सुटला की एकदम सुटतो.” त्याने काकूंकडे पाहिलं आणि हसू दाबलं. “तुमच्याच जातीचा आहे.”

“चेष्टा राहू द्या. बंद कुणी केला?”

शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. काकू भाचीकडे गेल्या होत्या तेव्हा दिग्दर्शकाला शांत प्रसंगात खालून गुणगुण ऐकू आली होती. त्याने साउंडवाल्याला सांगितलं, आणि साउंडवाल्याने व्हॉल्व्हला करंट देणाऱ्या कार्डावरचा स्क्रू आवाज जाईपर्यंत फिरवला होता.

दिग्दर्शक खाली आला. “पण त्या प्रसंगात टाचणी पडलेली ऐकू यायला हवी हो.”

“आक्का पडल्या तर त्याही ऐकू येतील,” काकू म्हणाल्या.

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. कापरा करंट पुन्हा लावला. व्हॉल्व्हच्या ठोकळ्याखाली रबर घातलं, भोवती जाड कापड लावलं. तरीही तिसऱ्या रांगेपर्यंत बारीक आवाज जायचा. तो त्याने कुरकुरत सोसायचं ठरवलं.

आक्कांना सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “काकू स्वतः कधी बसल्यात त्या लिफ्टमध्ये?”

नव्हत्या बसल्या. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मग व्हॉल्व्हवाल्याने दांडी धरली आणि काकू भरलेला पेला घेऊन लिफ्टवर उभ्या राहिल्या. दांडी दुसऱ्याच्या हातात बघून त्यांना राहवेना. “हळू... अजून हळू,” त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिल्या. पायाखाली काही सुरू झाल्याचं कळलंच नाही. डोळ्यांसमोरून रंगमंचाची लाकडी कड खाली सरकली तेव्हा त्यांना समजलं, की आपण निघालोय. पाणी हललं, सांडलं नाही.

आक्का तयार झाल्या, पण उभ्याने नाही. खुर्ची मागितली. पेल्याचं काम दुसऱ्या पात्राकडे गेलं.

पहिल्या प्रयोगाला तळघर गरम झालं होतं. काकूंनी तळवे तीनदा पुसले. आक्का खुर्चीत बसल्या, काकूंनी दांडी सरकवली आणि लिफ्ट निघाली. अर्ध्या वाटेवर त्यांचं लक्ष वर गेलं, तर खुर्चीखालचे आक्कांचे पाय मागे सरकत होते. बाई उठत होत्या. कुणाला न सांगता, चालत्या लिफ्टमध्ये, तो खुबा घेऊन.

थांबवायची तर आक्कांचा तोल जाईल. तशीच न्यायची तरी जाईल. काकूंनी दांडी केसभर मागे घेतली, मग आणखी केसभर. लिफ्ट रेंगाळली, जवळजवळ थबकली, पण सरकत राहिली. लिफ्ट पोचायच्या आतच वर संगीत संपलं. काकूंना फक्त आक्कांचे पाय आणि खुर्चीच्या हातावर टेकलेला हात दिसत होता. तो सुटला. पाय सरळ झाले. मग त्यांनी दांडी तशीच हळूहळू पुढे नेली आणि लिफ्ट रंगमंचाला कुठेही न आपटता लागली.

वरून टाळ्या आल्या. त्या कशासाठी हे काकूंना कळलं नाही.

प्रयोगानंतर दिग्दर्शक म्हणाला, “लिफ्ट उशिरा आली.”

“मी आणली उशिरा,” काकू म्हणाल्या आणि सरळ आक्कांच्या खोलीत शिरल्या. “आधी सांगायला काय झालं होतं?”

आक्का कुंकू पुसत होत्या. “आधी मलाच कुठे ठाऊक होतं? मुलासाठी येणारी आई बसून कशी येईल?”

“माझा जीव गेला असता.”

“उद्यापण उठणार आहे मी,” आक्का आरशातून म्हणाल्या. “वेग हाच ठेवा.”

काकू बाहेर आल्या आणि साउंडवाल्याला गाठून, उद्या संगीत थोडं लांबवायचं, असं बजावायला लागल्या.