पांडूमामांचं नख

लोखंड दिसलं की पांडूमामा आधी ते अंगठ्याच्या नखाने खरवडत आणि मग नख डोळ्यांजवळ धरून बघत. माझ्या साखरपुड्याला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हाही त्यांनी आधी मंडपाचा खांब खरवडला. "गंजलाय," म्हणाले, "पन आजचा दिस निभंल." माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कारखान्यातले सगळेच त्यांना मामा म्हणत; गाव पोलादपूर. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना, तिथे केबल ट्रे बसवणं आणि राखणं हे त्यांचं काम. ट्रे म्हणजे विजेच्या जाड केबली डोक्यावरून नेणारी पोलादी शिडीच. तिला जस्ताचा मुलामा असतो, पण जोडण्यासाठी ट्रे कापला की कापलेली कड उघडी पडते. तिथे त्याच दिवशी जस्ताचा लेप लागलाच पाहिजे, हा मामांचा धर्म. "लोखंडाच्या वाट्याचं जस्त झिजतं गो बाय. ते नाय तर लोखंडाला कोन हाय?"

मी तिथे नवी सुपरवायझर. नोकरी पक्की व्हायला चार महिने बाकी. आम्लाच्या टाकीजवळचा ट्रे बदलताना जस्ताच्या लेपाचा डबा संपला. दुसरा मुंबईहून यायला दोन दिवस लागणार आणि कारखाना तर संध्याकाळी सुरू करायचा. मी म्हटलं, "चंदेरी रंग मारा मामा, दिसायला सारखाच."

"दिसतो सारका. राखत नाय," एवढंच बोलून त्यांनी रंग मारला. जस्ताचं नंतर बघू असं मी ठरवलं आणि अर्थातच विसरले.

श्रावणात एका सकाळी मामांनी मला हाक मारली. त्या ट्रेच्या सांध्यावरचा चंदेरी रंग फुगला होता. शिडी लावून, वर चढून त्यांनी नख मारलं, तर पापुद्रा निघाला आणि नख तांबडं झालं. पॅकिंगच्या बायका रोज त्याच ट्रेखालून जेवायला जात. ट्रे खाली आला असता तर, या विचाराने मला रडू फुटलं. "आदी वाट बंद कर, मंग रड," मामा म्हणाले.

दोरी बांधून वाट बंद केली आणि कशीबशी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "कळलंय मला. पांडूने चुकून चंदेरी रंगाचा डबा उचलला. आत्ताच येऊन कबूल करून गेला." खोटं कशाला बोलू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली, की सगळं भडाभडा सांगून टाकलं. साहेब बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "लाइन बंद करा. आजच्या आज नीट करा."

ट्रे उघडला, तर गंज कडेपुरताच होता. खालचं पोलाद शाबूत, केबली शाबूत. मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत हसत रडले. मामा मात्र रागावलेले. "माजी नोकरी सा महिने उरलीय. तुजी अजून सुरू व्हायची हाय. मला बोलू द्यायचं व्हतंस."

"मग मला झोप लागली नसती, मामा."

त्यांनी तारेचा ब्रश माझ्या हातात दिला. "घे. घास." सगळ्या कडा त्यांनी माझ्याकडूनच घासून घेतल्या, लेपही मलाच लावायला लावला. नोकरी पक्की झाली, फक्त तीन महिने उशिरा.

निवृत्तीच्या दिवशी मामा गळ्यातल्या हारासकट त्या सांध्यापाशी गेले. शिडी चढले, नख मारलं आणि खाली उतरून माझ्यासमोर धरलं. नख राखाडी होतं, जस्ताचं.

"निभंल," म्हणाले.

"किती दिवस?"

"तू हायस तवर."