नानांची गोल वीज

वायरमन नाना घरात शिरले की आधी सगळ्यांना गप्प करत. टीव्ही बंद, मिक्सर बंद, पोरं अंगणात. मग पंख्याखाली उभे राहून, मान एका बाजूला कलती करून ते डोळे मिटत आणि जरा वेळानं म्हणत, "पंखा ठीक हाय. वीज वाईट येत्येय." पिशवीत मीटर असे, पण तो आमच्यासारख्या मुंबईकरांची खात्री पटवण्यापुरता. खरं तर नाना वीज खात्यात कधीच नव्हते. संगमेश्वरला एका दुकानात पंख्यांच्या मोटारी बांधता बांधता ते शिकले, आणि गावानं परस्पर त्यांना वायरमन करून टाकलं.

पावसाळ्यात कुठं झाड पडलं की आमच्याकडे चार-चार दिवस वीज नसते. म्हणून लोक छपरावर सोलरची दोन-दोन पॅनेलं चढवू लागले आणि इन्व्हर्टर कुठला घ्यावा हे विचारायला नानांकडे जाऊ लागले. नाना वॉट विचारत नसत. "घरात फिरणारा काय काय हाय?" एवढाच त्यांचा प्रश्न. नुसते दिवे आणि मोबाइल असतील तर म्हणत, "मग साधा घे. उगाच कशाला खर्चात पडतोस?" पण पंखा, फ्रिज, पंप निघाला की पायरीच्या चिऱ्यावर कोळशानं दोन रेघा काढत. एक लाटेसारखी, दुसरी खाचाखाचांची.

"ही गोल वीज. चढते नि उतरते, खाडीच्या पाण्यासारखी. मोटारीला हीच मानवते. आणि ही चौकोनी. हिच्यावर मोटार फिरते, पण कण्हत फिरते नि तापते."

दुकानदार ज्याला प्युअर साइन वेव्ह म्हणतात, ती ही नानांची गोल वीज. "खोक्यावरचा मोठा आकडा बघू नको," ते बजावत. "दुकानातच पंखा लावून ऐक. ऐकू देत नसेल तर उठून ये."

माझी आई गावात एकटी राहायची. चुलीच्या धुरानं तिची छाती गेली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं, आणि वीज गेली तर काय, हा प्रश्न उभा राहिला. नानांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर चिठ्ठी लिहून पाठवली, कुठला इन्व्हर्टर, केवढा, आणि खाली दोनदा रेघ मारून 'गोलच'.

मी मुंबईत दुकानात गेलो. नानांच्या चिठ्ठीतला इन्व्हर्टर लहान आणि महाग. शेजारी त्याच्या दुप्पट ताकदीचा, झगमगीत आकडे दाखवणारा, आणि स्वस्त. गावातला माणूस महाग वस्तू सुचवतो म्हणजे त्याचं कुठंतरी काहीतरी असणार, हे मुंबईला गेलेल्या माणसाला न शिकवता कळतं. मी मोठा घेतला आणि गावाकडच्या बसनं पाठवून दिला.

नानांनी तो जोडून पंखा लावला आणि मला फोन केला. फोन पंख्याकडे धरून म्हणाले, "ऐकलंस? चौकोनी वीज हाय ही. बाबू, हा नको. वैनींचा श्वास हाय तो."

मी ऑफिसात होतो, वैतागलो होतो. म्हणालो, "नाना, पंखा फिरतोय ना? तुमचं कमिशन बुडालं असेल तर तसं सांगा, मी देतो. पण आता हाच बसवा."

पलीकडे पंख्याची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग नाना म्हणाले, "बरं."

त्यांनी तो नीट बसवला. आईला बजावलं, यावर दिवे लावा, पंखा लावा, यंत्र लावू नका. दुसरी सोय आपण बघतो, असंही म्हणाले. आषाढात वादळ झालं आणि वीज गेली. आईनं यंत्र त्यावरच लावलं. पोरानं एवढं मुंबईहून पाठवलंय, असं ती शेजारणीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र तापलं, शिट्टी मारून बंद पडलं. शेजारीण धावत नानांकडे गेली. नाना स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर सोडवून डोक्यावर घेऊन चिखलातून आले, पण यंत्र पुन्हा सुरू झालं नाही. त्यांनीच रिक्षातून आईला देवरुखच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं मुळातच संपत आली होती. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दिवसकार्य झाल्यावर मी ते यंत्र मुंबईला नेऊन उघडून घेतलं. आतली मोटार काळी पडली होती. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "इन्व्हर्टर कुठला लावला होता?" मी पैसे दिले आणि यंत्र उचललं.

गणपतीला गावी गेलो तेव्हा नानांच्या ओटीवर बसलो. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हटलं, "नाना, तुमचं ऐकलं असतं तर आई..."

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "छ्या! तो मशीनच कच्चा होता. गोल वीज दिली असतीस तरी बसला असता."

विजेबद्दल नाना कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. जळलेली मोटार मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी मी "असेल" म्हणालो आणि चहा प्यायलो. खोटं का होईना, त्या क्षणी मला ते हवं होतं. कमिशनच्या बोलण्याबद्दल माफी मागायचीही राहून गेली.

यंदा शिमग्यानंतर नाना तापाचं निमित्त होऊन गेले. मी काकींना, नानांच्या बायकोला, भेटायला गेलो तर त्या रडत रडतच बोलल्या.

"तुझी आई गेली, तेव्हापासून ह्यांनी कुणाला म्हणून इन्व्हर्टर बघून दिलानी नाय. लोक यायचे, हे आत जाऊन बसायचे. म्हणायचे, माझ्या कानांनी ऐकलेला, तरी माझ्याच हातांनी जोडला. बाबूनं सांगितला म्हणून काय झाला, मी हात आखडायला हवा होता."

दोन वर्षं तो माणूस माझी चूक स्वतःची समजून जगला. त्या दिवशी ओटीवर, 'नाना, चूक माझी,' एवढं मी म्हणालो असतो, तर ते सुटले असते.