मास्तरांचा शेरा

बॅटरीला शेरा देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. सरकारी इस्पितळात डायलिसिस विभागाच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे तो बसायचा. हुद्दा वीजतंत्री, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला मास्तर म्हणत. दर सहा महिन्यांनी मास्तर पाठ्यपुस्तकाएवढी एकेक बॅटरी कपाटातून बाहेर काढत, मीटर लावत आणि तिच्या पोटावर पिवळ्या रंगाच्या पेनने तारीख, आकडा आणि एक शेरा लिहीत. 'ठीक.' 'आळशी, लक्ष ठेवा.' आणि जिचं काही खरं नाही तिच्यावर, 'थकली. घेऊ नका.' अशी बॅटरी भंगारात जायची. बाकीच्या परत कपाटात.

हा काही म्हातारचळ नव्हता. पलीकडे बारा खाटा आणि बारा यंत्रं. माणसाचं रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं, असं चार तास. मध्येच वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागत, कारण किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. ती दहा मिनिटं मास्तरांच्या बॅटऱ्या काढत. नाहीतर नळीतलं रक्त गोठू नये म्हणून बारा यंत्रांची चाकं हाताने फिरवायला सिस्टर होत्या दोन. आणि चार नंबरच्या खाटेवर आठवड्यातून तीनदा मास्तरांची थोरली बहीण असायची.

ताईला एक खोड होती. कागद दिसला की ती तो मोठ्याने वाचायची. औषधाची बाटली, भिंतीवरची सूचना, शेजारच्या पेशंटची फाइल, काही सुटत नसे. सिस्टर वैतागायच्या, पण ताईचं वाचन चालूच.

तर एके दिवशी वरून हुकूम आला. परदेशी बनावटीच्या बॅटऱ्यांपासून देशाच्या सुरक्षेला धोका आहे, आयात बंद, बसवलेल्या काढा, देशी बसवा. समजावून सांगायला एक साहेब आले. शत्रू तिकडे खुर्चीत बसून बटण दाबेल आणि इकडे आपले दिवे जातील, असं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. इथे दिवे घालवायला शत्रूने एवढी तसदी कशाला घ्यायची, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दिवसाआड आपले आपणच जात होते.

मास्तर मात्र उठून म्हणाले, "साहेब, तुमचं म्हणणं खोटं नाही. बॅटऱ्यांच्या कपाटात इंटरनेटवरून बाहेरच्याशी बोलणारं एक कार्ड असतं. मी ते पहिल्याच दिवशी काढून ठेवलंय." आणि त्यांनी ड्रॉवरमधून आठ वर्षांपूर्वीचं, धूळ बसलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. देशाची सुरक्षा एका स्क्रूड्रायव्हरने, चहा गार व्हायच्या आत झाली होती.

साहेबांनी त्या कार्डाकडे मेलेल्या झुरळाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "हे कोणाच्या परवानगीने काढलंत?"

झालं. विभाग दोन दिवस बंद ठेवला. धडधाकट बॅटऱ्या सील करून गोदामात टाकल्या आणि हिरवं, चकचकीत, 'शंभर टक्के देशी' लिहिलेलं कपाट आलं. आणणारा ठेकेदार तोच, जो कालपर्यंत परदेशी माल आणत होता. बंदी आली आणि गडी एका दिवसात देशभक्त झाला. आता देशी बॅटरीचा कारखाना कुठे आहे म्हणाल, तर त्याच्या पायाभरणीचा दगड बसवला होता. दगडाच्या पुढे काम सरकलं नव्हतं. मग या बॅटऱ्या आल्या कुठून? मास्तरांनी एक उचलली. मीटर लावला, काटा जेमतेम हलला. त्यांनी नखाने नवं हिरवं वेष्टन सोललं.

आत पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थकली. घेऊ नका.' अक्षर त्यांचंच. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

दहा सोलल्या, नऊ तशाच निघाल्या. दहावी 'आळशी' होती. ठेकेदाराने ती खास निवडून घातली असावी.

मास्तर ती बॅटरी काखेत मारून थेट साहेबांकडे गेले. "साहेब, हे आमचंच भंगार आहे. परदेशी तर आहेच, वर थकलेलं. दोन मिनिटं टिकणार नाही."

"परदेशी कसं असेल?" साहेब म्हणाले. "दाखल्यावर देशी लिहिलंय."

"मग हे अक्षर?"

"ते तुमचं आहे ना? म्हणजे तुम्हीच लिहिलंत. उद्या उद्घाटन आहे, बॅटऱ्या तपासल्याच्या प्रमाणपत्रावर सही करून द्या."

मास्तर खोलीत येऊन बसले. सही नाही केली तर बदली, आणि दुपारपर्यंत दुसरा कुणी सही करणार. कपाट काही हलणार नाही. आणि उद्या पहिल्याच पाळीला चार नंबरवर ताई. मग त्यांनी प्रमाणपत्र नीट बघितलं. खाली एक रकाना होता, शेरा. मास्तरांनी पिवळं पेन बाजूला ठेवलं, काळं घेतलं, ठसठशीत अक्षरात तो भरला आणि सही केली. कारकुनाने सही चौकोनात आहे एवढं पाहिलं. साहेबांनी तेवढंही पाहिलं नाही. त्यांचा हुकूम होता, प्रमाणपत्राला चौकट करून दारावर लावा.

घरी जाऊन मास्तर म्हणाले, "ताई, उद्या लवकर ये. आणि चष्मा विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी फीत कापली, टाळ्या झाल्या, पेशंट आणि त्यांचे नातेवाईक दारात जमले. ताईने चष्मा लावला आणि चौकटीपासून सुरुवात केली. क्रमांक वाचला, तारीख वाचली, साहेबांचं नाव पदवीसकट वाचलं. मग म्हणाली, "शेरा. थकली, घेऊ नका." आणि ती मास्तरांकडे वळली. "कोण थकली रे बाळ्या?"

"बॅटरी," मास्तर म्हणाले.

"ती तांत्रिक भाषा आहे," साहेब म्हणाले.

सिस्टरने हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. बाराजणांतला एकही खाटेकडे गेला नाही. रक्त ज्याचं त्याला प्यारं, त्यात देशी-परदेशी कोण बघतो. दुपारी गोदामाचं सील तुटलं आणि जुन्या बॅटऱ्या परत जागेवर आल्या. कागदावर त्यांना 'तात्पुरत्या देशी' असं नाव दिलं. ठेकेदाराचं कपाटही राहिलं, कोपऱ्यात, शोभेला.

संध्याकाळच्या पाळीला ताई यंत्राला लागली तेवढ्यात शिपाई मास्तरांच्या नावाचं पाकीट घेऊन आला. ताईने ते त्यांच्या हातातून काढून घेतलंच. "सुरक्षेच्या उपकरणांवर गुप्त खुणा केल्याबद्दल आपणांस निलंबित का करू नये," एवढं तिने सगळ्या विभागाला ऐकवलं, आणि दिवे गेले.

बाराची बारा यंत्रं घुरघुरत राहिली. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. ताईने अंधारात चष्मा काढून कागद छातीवर ठेवला.

"दिवे येऊ देत," ती म्हणाली, "मग पुढचं वाचते."