सहा मिलिमीटरचा झोत

बुरुलने चहात दूध ओतलं, तेवढ्यात दारावर थाप पडली. घंटा असताना बिश्केकमध्ये सकाळी आठला कोण थापा मारतं?

दारात आयचुरोक उभी होती, इस्पितळात किरणांचं मशीन चालवणारी. कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"आत ये गं, भाकरीचा तुकडा तरी मोड," बुरुलचा नवरा तोलोगोन आतून म्हणाला. उंबऱ्यावरून माघारी जाणाऱ्यालाही भाकरी मोडायला लावल्याशिवाय सोडायचं नाही, ही इथली रीत. आयचुरोकने भाकरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एजे, मण्यांचा निकाल आला," ती म्हणाली. "दीडपट."

एजे म्हणजे थोरली बहीण. बुरुलला अख्खा विभाग एजेच म्हणायचा.

"कसलं दीडपट?"

"तुम्ही लिहून दिलेल्यापेक्षा दीडपट किरण गेलेत. बारीक झोतात."

किरण टिपून ठेवणारे तांदळाएवढे ते मणी महिन्यापूर्वी झोताखाली ठेवून परदेशातल्या प्रयोगशाळेला तपासायला धाडले होते. बुरुल खाली बसली. हातातली दुधाची किटली तिने ठेवलीच नाही.

"आजचा पहिला पेशंट?"

"कपडे बदलून बसलाय."

"फोन लाव. मशीन बंद. आत्ता."

किरण मोजण्यात बुरुलची सव्वीस वर्षं गेली होती. तिच्या गुरूंनी निवृत्त होताना बोटाएवढी एक मापननळी तिच्या हातात ठेवली होती. रुंद झोतात ती नळी कधी चुकली नाही. हिवाळ्यात मेंदूतल्या बारीक गाठींसाठी सहा मिलिमीटरचा झोत आला. त्यासाठी मागवलेलं टाचणीच्या डोक्याएवढं मापक कस्टममध्ये अडकलं. पेशंट खोळंबले होते. बुरुलने जुनी नळीच लावली. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा तोच आला. आकडा हलत नाही म्हणजे खरा, असं तिने धरलं.

"पण तुझी नळी तर सोन्यासारखी आहे म्हणायचीस," तोलोगोन चाचरत म्हणाला.

"नळाची धार बारीक आणि खाली परात मोठी," बुरुल म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटत होता. "परातीचा बराच भाग कोरडा राहिला. मी म्हटलं, धारच कमी आहे. आणि नळ जास्त वेळ सोडायला लावला."

"किती जणांवर?" तोलोगोनने विचारलं.

"चौघांवर," आयचुरोक म्हणाली.

विभागप्रमुख माक्सात बाइकेंच्या खोलीत मण्यांचा कागद टेबलावर पडला होता. बुरुल धाकटी, त्यांना बाइके म्हणजे दादा म्हणायची. ते कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"कस्टमवाल्यांनी मापक अडकवलं, घाई मी केली," ते म्हणाले. "सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस."

"थांबायला हवं होतं, ते मला कळायला हवं होतं. तुम्हाला नाही."

"त्या चौघांना आज बोलावतो. डॉक्टर सांगतील. तू घरी जा, चेहरा बघ जरा स्वतःचा."

बुरुल हलली नाही. तिच्यासमोर चार फायली होत्या, नावांऐवजी नुसते नंबर लिहिलेल्या. सतरा, एकोणीस, बावीस, तेवीस. गाठ कुठे, केवढी, कानशिलापासून किती खोल, सगळं तिला तोंडपाठ होतं. मोजणारी माणसं तळघरात बसतात. पेशंट वरच्या दारानं येतो, वरच्याच दारानं जातो. तेवीस नंबरला बाई म्हणायचं की बुवा, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"एजे, पाणी घ्या," आयचुरोक म्हणाली.

बुरुलने पेला घेतला, न पिता फायलींशेजारी ठेवला.

"बाइके, सांगताना मीही खोलीत असेन," ती म्हणाली. "त्याआधी एवढंच करा. मला या चौघांची नावं सांगा."