कोणतं सलाईन लागलं

बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बाईला रक्त मिळेपर्यंत तगवून धरील, असं एक नवं सलाईन आमच्या नागपूरच्या इस्पितळात तपासून पाहत होते. मी तिथे नर्स. निम्म्या जणींना नवं, निम्म्यांना नेहमीचं. पिशव्यांवर सारखीच वेष्टणं, वर फक्त नंबर. आत काय ते डॉक्टरांनाही कळत नसे. नातेवाइकांना हे समजावून सही घेणं माझ्याकडे होतं.

नरखेडकडच्या एका गावातून एका बाळंतिणीला दुपारी आणलं. नवरा रक्तपेढीकडे धावला होता, म्हणून मी तिच्या आईशी बोलले. आई काटोलची, तिथल्या बाजारात मजुरीने संत्री निवडायला जायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिस्टर, मंग त्यातली चांगली पिशवी तुमीच पाहून द्या ना."

"मले बी माहीत नाही, मावशी."

तिने सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. सलाईन लागलं, मागून रक्तही चढवलं. संध्याकाळच्या आत तिची मुलगी गेली. बाळ वाचलं.

पुढे मावशी तीनदा एसटीने आली. पोरीला कोणतं लावलं होतं, एवढंच विचारायची. सलाईनचा हा अभ्यास संपेपर्यंत कोणालाच कळणार नाही, असं मी सांगायचे. बरं म्हणून ती परत जायची. तिसऱ्या वेळी मी तिला चहा पाजला. दुसरं काय करणार होते?

अभ्यास संपला. नव्या सलाईनने जास्त बायका वाचल्या होत्या. वॉर्डात पेढे वाटले. मी मावशीच्या मुलीच्या पिशवीचा नंबर शोधला. नेहमीचं होतं.

काटोलला जाताना बसमध्ये मी ठरवलं, नवंच लावलं होतं असं सांगायचं. तिच्या घरी नात भिंतीला धरून उभी राहत होती. मावशीने मला पाणी दिलं आणि समोर बसली. खोटं तोंडातून निघेना.

"साधं होतं, मावशी."

ती हळूच म्हणाली, "मी सही केली नसती तं?"

"तरी साधंच लागलं असतं."

"म्हणजे मी नाही चुकली."

"नाही, मावशी."

इस्पितळात मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. आता तिने पदर तोंडाशी धरला आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं. नात घाबरून रांगत माझ्याकडे आली. मी तिला उचलून घेतलं आणि मावशीजवळ जाऊन बसले.